मदत हवी आहे: आरटीईतून आठवी झाली, आता नववीची फी कशी भरायची?

माझी भाची पुण्यातल्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत पहिलीपासून आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) गरीब-वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के कोट्यातून शिकतेय. यंदा आठवी संपतेय. नववीपासून पूर्ण फी भरा, वर्षाला 52,000, असं शाळेनं कळवलंय. वडील रिक्षा चालवतात, उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला आहे.

2009 च्या कायद्यातली मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच आहे, हे माहीत आहे. (नववीत गेलं की घर आपोआप श्रीमंत होतं, असा काहीतरी हिशोब असावा.) मुख्याध्यापकांना भेटलो, हप्ते करून देऊ म्हणाले, सवलत नाही. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात तोंडी उत्तर मिळालं, 'आमच्या हातात नाही.' एनएमएमएसची (गरीब घरच्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची) वर्षाला 12,000 ची शिष्यवृत्ती पाहिली, तर ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना. म्हणजे आरटीईनं खासगी शाळेत गेलेली गरीब पोरगी तिथूनही बाद!

अनुदानित शाळेत घालायची तयारी आहे, पण पूर्ण मराठी माध्यम आता जड जाईल, सेमी इंग्रजीच हवं. त्यात शाळा 'अ‍ॅक्टिव्हिटी फी'ची जुनी बाकी काढून शाळा सोडल्याचा दाखला अडवतेय. त्या फीची पावती कधीच मिळालेली नाही.

कुणाच्या मुलाला आठवीनंतर त्याच शाळेत फीमाफी मिळाली आहे का, आणि अर्ज कुणाकडे केला होता? आणि बाकीसाठी दाखला अडवला तर लेखी तक्रार नेमकी कुठे द्यायची?