सर्व्हिसिंगनंतर स्कीची पोलादी कड झिजलेली आढळली: सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
आम्ही म्युनिकमध्ये राहतो आणि दर हिवाळ्यात गार्मिशला स्कीइंगसाठी जातो. नोव्हेंबरअखेर मी माझी तीन वर्षे वापरलेली जोडी एका दुकानात पूर्ण सर्व्हिसिंगला टाकली होती. त्यात तळाचे ग्राइंडिंग, कडांना धार आणि गरम मेण एवढी कामे होती. पहिल्याच दिवशी टणक बर्फाच्या उतारावर डावी स्की वळणात निसटू लागली. घरी येऊन तळ पुसला, तेव्हा पुढच्या भागात वीतभर लांबीत आतली कड बाहेरच्या कडेच्या निम्मी उरलेली दिसली आणि बुटाखालच्या जागी पेराएवढा निळसर डागही आढळला. दुकानदार म्हणतात, दगड लागला असेल. परंतु स्की देण्यापूर्वी मी स्वतः पुसली होती आणि तेव्हा दोन्ही कडा सारख्या होत्या. त्यांच्याकडे काय मागावे?

प्रतिसाद १:
दगडाचा मार आणि यंत्राची घासाई यांच्या खुणा निरनिराळ्या असतात. दगड लागला की एका जागी खाच पडते, तिथे बोट फिरवल्यास खरखर जाणवते, बहुधा तळावरही ओरखडा उमटतो, आणि माराने पोलाद तेवढ्यापुरते इतके कठीण होते की कानस त्यावरून घसरते. वीतभर कड एकसारखी अरुंद झाली असेल, तर धारेचा फिरता पट्टा त्या भागात रेंगाळला असावा. निळ्या डागाचेही तसेच आहे: पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की निळे पडते, त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो आणि तिथे धार टिकत नाही. डाग वरवरचा असेल तर हिऱ्याचे कण बसवलेल्या घासपट्टीने निघू शकेल. पण झिजलेले पोलाद परत येत नाही, आणि नवी कडही मुळात दोनच मिलिमीटर रुंद असते. म्हणून ‘पुन्हा घासून देतो’ हा प्रस्ताव कृपया स्वीकारू नका, कारण त्यात पुरावाही जाईल आणि उरलेली कडही. सरळ पोलादी पट्टी तळावर आडवी धरून उजेडाकडे पाहा. मधे फट दिसली तर तळही सपाट राहिलेला नाही.

प्रतिसाद २:
जर्मनीत अशी दुरुस्ती ‘वेर्कफरट्राग’मध्ये, म्हणजे कामाच्या करारात, मोडते आणि सदोष कामाबद्दलचे ग्राहकाचे हक्क नागरी संहितेच्या कलम ६३४ मध्ये दिलेले आहेत, मुदत काम ताब्यात घेतल्यापासून दोन वर्षांची आहे. दोष सुधारण्याची संधी आधी त्याच दुकानाला लेखी आणि तारीख घालून द्यावी लागते. ती न देता दुसरीकडे काम करून घेतले, तर खर्च मागणे अवघड होते. कड भरून येणारी नसल्याने पत्रात नुकसानभरपाईचा उल्लेख आत्ताच करा. पावती जपा आणि दोन्ही कडांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. पट्टी धरून पाहिली. तळ सपाट आहे, फट कुठेही नाही. खाच किंवा ओरखडाही नाही, कड गुळगुळीतच अरुंद होत गेली आहे. फोटो काढले आहेत, दोन आठवड्यांची मुदत घालून आज पत्र पाठवते आणि तोपर्यंत ही जोडी उतारावर नेणार नाही. दुकानाचे उत्तर आले की इथेच कळवेन.