आज पानं किती? : साहेबाच्या मुदपाकखान्यातली आपली माणसं

परवा आईच्या वडिलांची पुण्यतिथी झाली. जेवणं उरकल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "दादांना किती पानं वाढायची हे विचारावं लागायचं नाही. धंदाच होता त्यांचा तो." हा धंदा काय होता ते घरात सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी कधी लिहून ठेवलं नाही. मी लिहितेय. तुमच्या घरात असं कुणी असेल तर तुम्हीही लिहा. जुलमी सत्तेच्या घरी स्वयंपाकाला, भांड्याला, पाण्याला राहून जे बाहेर बातमी पोचवत होते, त्यांच्याबद्दल. एकच विनंती, आग्र्याचे पेटारे आणू नका. ते सगळ्यांना पाठ आहेत.

दादा साताऱ्यात एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर बटलर होते. आम्ही महार. साहेबाच्या चुलीवर गाईचं शिजायचं, त्यामुळे सवर्ण माणूस तिकडे फिरकायचा नाही; गोव्याचे ख्रिस्ती, मुसलमान आणि आमच्यासारखे, अशांनाच ती नोकरी. स्वयंपाकघर बंगल्यापासून वीसेक पावलं मागे. साहेबाच्या लेखी तिथली माणसं म्हणजे पातेल्यांसारखीच, कान नसलेली.

१९४२ च्या सप्टेंबरात ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ ला वडूजला आणि १० ला इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यानंतर माणसं भूमिगत झाली आणि पुढच्या वर्षापासून प्रतिसरकार, म्हणजे नाना पाटलांचं भूमिगत सरकार, उभं राहिलं. बंगल्यावर रोज उठबस वाढली. दादांच्या लक्षात एक गोष्ट आली. पाहुणे रात्री जेवायला असले तर काही नाही, नुसत्या गप्पा आणि दारू. पण "पहाटे चारला सहा जणांचे डबे, अंडी उकडून, चहा थर्मासात" असा हुकूम आला की दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी गावाला वेढा पडणार. गाव कुठलं ते टेबलावर वाढताना कळायचं. साहेब नकाशा उघडून बसायचा आणि दादा त्याच्या खांद्यावरून सूप वाढायचे.

अंडी घेऊन एक म्हातारी यायची. दादा तिची काही अंडी "नासकी आहेत" म्हणून परत करायचे. जितकी नासकी, तितके डबे. त्यावर ती म्हातारी फाटकापर्यंत शिव्या देत जायची आणि पहारेकरी हसायचे. परत दिलेल्या अंड्यांखाली कडुनिंबाचा पाला असला तर कृष्णाकाठ, पेंढा असला तर माणदेश, असंही आई सांगते. हे पाल्याचं मला मागाहून चिकटलेलं वाटतं. अंड्यांचं मात्र पटतं, कारण दादा म्हातारपणीसुद्धा अंडं हातात घेतलं की कानाशी हलवून बघायचे.

अजून एक. बातमी कधी घाईची असली तर दादा स्वतः रात्री सात-आठ मैल चालत जायचे. ज्या वाड्यात ती द्यायची, तिथं ते अंगणातच उभे राहायचे. बातमी ओसरीवर चढायची, दादा नाही. पाणी मागितलं तर वाड्यातली माणसं त्यांच्या ओंजळीत वरून ओतायची. हे सांगताना आईचा आवाज बदलत नाही, माझा बदलतो.

आता तुम्ही लिहा.

◆

कुंडलच्या बाजूची नात

आमच्याकडं साहेबाचा बंगला नव्हता, पण चूल होती, म्हणून लिहिते. कुंडल तेव्हा औंध संस्थानात. साताऱ्याच्या पोलिसाला तिथं उठून घुसता यायचं नाही, त्यामुळं पोरं आमच्या भागात टेकायची. माझी आजी सांगायची, बंदुका लपवणं सोपं, भाकरी लपवणं अवघड.

कारण जातं. पहाटे जात्याची घरघर आली तर कुणी कान देत नाही. तीच दिवस मावळायला आली की शेजारीण विचारते, "का गं, पाव्हणं आल्यात व्हय?" म्हणून आज्जी आणि तिच्या दोन जावा पहाटेच दुप्पट दळायच्या, आणि ओव्या लांबवायच्या, म्हणजे दळण जास्त आहे हे ऐकणाऱ्याला कळू नये. भाकऱ्या शेतावरच्या टोपल्यात जायच्या. एकदा फौजदारानं वाटेत टोपलं उतरवायला लावलं आणि एकेक भाकरी मोजली. बावीस भरल्या. "कुणाला एवढ्या?" आज्जी म्हणाली, "औतकरी चार, भांगलणीच्या बाया सहा. तुमी बी घ्या दोन, खरडा हाय." त्यानं घेतल्या म्हणे. त्या दिवशी उसाच्या फडात दोन भाकऱ्या कमी पोचल्या, आणि आज्जीला चाळीस वर्षं त्याचंच वाईट वाटत राहिलं.

जाता जाता : नाना पाटील आमच्याकडं जेवून गेले असं आमच्या गावात प्रत्येक घर सांगतं. आमचंही सांगतं.

◆

पणजीहून

माझ्या वडिलांचे मामा आल्तिनोवर, म्हणजे पणजीतल्या टेकडीवर, एका पोर्तुगीज अधिकाऱ्याकडे कुजनेर, म्हणजे स्वयंपाकी, होते. साल १९५५ पासून पुढची पाच-सहा वर्षं. लिस्बनात सालाझार, इथे त्याची पीदे, म्हणजे गुप्त पोलीस. भिंतीलाही कान आहेत असं लोक कुजबुजत म्हणायचे. मामा म्हणायचे, भिंतीपलीकडे कान माझे होते.

२५ नोव्हेंबर १९५५ ला आंबोलीच्या रानातून चोरटा रेडिओ सुरू झाला, 'गोंयचे सोडवणेचो आवाज'. नंतर तो कॅसलरॉकला हलला. गोव्यात तो ऐकताना सापडलं तर खैर नव्हती. पण मामांचा साहेब रोज ऐकायचा! शत्रू काय बोलतो हे कळायला हवं ना. दिवाणखान्याचं दार लोटलेलं, रेडिओचा आवाज बारीक. मामा पलीकडच्या खोलीत बशा पुसत उभे. तीच बशी पुन्हा पुन्हा पुसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पावाची टोपली घेऊन आला की मागच्या दाराशी त्याला सगळं सांगायचं, आणि मग ते उंड्यांबरोबर घरोघर. म्हणजे गोवा मुक्त करायची बातमी त्यांच्याच विजेवर, त्यांच्याच रेडिओवरून. मामा हे सांगताना दर वेळी तितकेच हसायचे.

भारतानं नाकेबंदी केली होती, त्यामुळे बाजारात बटाटे हॉलंडचे, तांदूळ पाकिस्तानातून आलेला. साहेबाच्या बाईला वाटायचं, उपासमार झाली की नोकर भारताला शिव्या देतील. मामा द्यायचेही, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल अशा. तेवढं नाटक लागायचं.

पोदेर पकडला गेला. टोपलीतला प्रत्येक पाव त्यांनी सुरीनं कापून पाहिला. पत्रकं पावात नव्हतीच, टोपलीच्या तळाच्या कापडात शिवलेली होती, ती सापडली नाहीत. तरी मारलं. त्यानं मामांचं नाव घेतलं नाही. १९ डिसेंबर १९६१ नंतर मामांनी कधी पेन्शनसाठी अर्ज केला नाही. विचारलं की म्हणायचे, "बश्यो पुसल्यो हांवें. त्याचें पेन्शन कोण दिता?"

◆

लातूरकडचा, सध्या हैदराबादेत

थोडक्यात लिहितो. आमचे पणजोबा निजामाच्या राज्यात एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, पाणी भरायचे, बावर्चीखान्यात. मुख्य बावर्ची मुसलमान, आणि रझाकारांवर त्याचाच राग जास्त. "ये लोग डुबाएंगे सबको," म्हणायचा. दस्तरखान किती जणांचा, कोण आलंय, कुठल्या गावचं नाव निघालं, हे तो पणजोबांना सांगायचा आणि पणजोबा आर्य समाजातल्या एका मास्तरांना. ४ डिसेंबर १९४७ ला निजामाच्या गाडीवर बॉम्ब पडला. त्यानंतर देवडीत मेथीच्या जुड्यासुद्धा सोडून बघायला लागले. २२ ऑगस्ट १९४८ ला रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबउल्ला खान यांना रझाकारांनी मारलं, तेव्हा बावर्चीनं दोन दिवस चूल पेटवली नाही, ताप आल्याचं सांगितलं. पुढच्या महिन्यात पोलीस ॲक्शन झाली. मग जो उलटा सूड उगवला गेला, त्यात त्या बावर्चीचं घरही गेलं. आमच्या घरात हा भाग कमी आवाजात सांगतात. म्हणून मुद्दाम लिहिला.

◆

नाव-गाव नको

मी लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला. आमचे आजोबा दुसऱ्या बाजूचे.

डाकबंगल्यावर स्वयंपाकी होते. तेही ऐकायचे, तेही सांगायचे, फक्त फौजदाराला. पैशासाठीच असं नाही. थोरल्या मुलाला शिपायाची नोकरी लावतो म्हणून शब्द दिला होता. दोन पोरं त्यांच्या सांगण्यावरून पकडली गेली. मग एका रात्री त्यांना उचलून नेलं आणि तळपायांवर काठ्या बसल्या. या शिक्षेवरून प्रतिसरकाराला पडलेलं पत्रीसरकार हे नाव लोकांना मजेचं वाटतं. आमच्या घरात ते आजोबांच्या चालण्यात होतं, मरेपर्यंत.

ज्यांनी मारलं त्यांनीच त्यांना घोंगडीत घालून घरी आणून टाकलं. दारात टेकवलं आणि आजीकडे पाणी मागितलं. लांबून चालून आली होती ती पोरं. तिनं दिलं. पाण्याबरोबर गुळाचा खडाही दिला, नुसतं पाणी देत नाहीत म्हणून. आजोबा खाली पडल्या पडल्या बघत होते. आजी कुणाच्या बाजूची होती, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "मी चुलीपाशी होते."

थोरल्या मुलाला नोकरी लागली नाही.

◆

धागा काढणारी

वरचं वाचून फोन हातात घेऊन बसले होते. ज्यांनी नाव दिलं नाही त्यांना : बरं केलंत लिहिलंत. पाणी वरून ओतणारी आणि काठ्या मारणारी माणसं कदाचित एकाच ओसरीवरची असतील, आणि दादांनी अंडी परत केली ती त्यांच्याचसाठी. मला याचं काय करायचं ते कळत नाही. असू दे.

मामेभावाकडून एक चीज मिळाली ती सांगते. साहेब विलायतेला परत जाताना बटलरला चिठ्ठी लिहून द्यायचे, पुढच्या साहेबाला दाखवायला. दादांची ती चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात, विम्याच्या कागदांखाली सापडली. घडीवर फाटलीय, पण शाई दिसते. त्यात लिहिलंय की हा माणूस प्रामाणिक आहे, दारू पीत नाही, पुडिंग उत्तम करतो, अंड्यांच्या बाबतीत फार चोखंदळ आहे, आणि याच्यासमोर काहीही बोलायला हरकत नाही, कारण याला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही.