मदत हवी आहे: आईच्या हातापायांची कातडी फुटलीय, तेल लावावं की क्रीम?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीचे. आई ६१ वर्षांची, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तीसेक वर्षं घरी विड्या वळते. दिवाळी सरली की दरवर्षी तिची कातडी फुटते, पण यंदा लईच झालंय. नडग्यांवर पांढरे पापुद्रे, टाचांना अशा भेगा की चादरीचे धागे अडकतात. हात तर बघवत नाहीत. अंगठ्याच्या आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या टोकाला चिरा पडल्यात आणि विडी बांधताना दोरा नेमका तिथंच रुततो. परवा एका पानाला रक्त लागलं. तिनं ते बाजूला टाकलं, दुसरं घेतलं, तोंडातून चकार शब्द नाही.

आतापर्यंत केलेलं सांगते. रोज रात्री खोबरेल चोळते, सकाळी कातडी परत तशीच. आंघोळीला बंबातलं कडकडीत पाणीच लागतं आणि तंबाखूचा वास जात नाही म्हणून साबण दोनदा लावते. मध्ये एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब मिळाली. चार दिवस हात लोण्यासारखे मऊ झाले, बंद केल्यावर दुप्पट लाल. खानापूरच्या मामींनी कोकमाचं मुठेल पाठवलंय, ते अजून तसंच आहे. शेजारच्या अक्का म्हणतात करडईचं तेल लाव, भाऊ म्हणतो ऑलिव्ह ऑइल आणतो. माझा गोंधळ उडालाय. नक्की काय लावू, आणि शुगर असताना काय टाळू?

प्रतिसाद १

ताई, मी बेळगावात फार्मसिस्ट आहे. आधी त्या ट्यूबबद्दल. चार दिवसांत जादू आणि सोडल्यावर दुप्पट लाली, म्हणजे बहुधा स्टेरॉइड असणार. पुन्हा लावू नका, रिकामी ट्यूब असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता तेलाचं. कातडीचा सगळ्यात वरचा थर भिंतीसारखा समजा. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या सांध्यात भरलेली चरबी म्हणजे गारा. कडकडीत पाणी आणि साबण हा गाराच धुऊन नेतात, मग आतलं पाणी उडून जातं. तेलात पाणी नसतंच. ते आहे ती ओल धरून ठेवतं. रात्री कोरड्याठाक कातडीवर खोबरेल चोळलं तर पापुद्रे बसतात, पण धरून ठेवायला आत ओलच नसते. म्हणून वेळ बदला. कोमट पाण्यानं आंघोळ, साबण काखेत-जांघेत आणि हातांना एकदाच, पंचानं घासायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, लावायचं ते लावा.

क्रीम घेताना ग्लिसरीन किंवा युरिया आहे का बघा. ही दोन्ही पाणी ओढून धरतात. नडग्यांना १० टक्के युरिया पुरे. टाचेच्या जाड कातडीला २० टक्क्यांचं मिळतं, पण उघड्या चिरेवर ते झोंबतं. तिथं साधी पेट्रोलियम जेली भरा, ती झाकणाचं काम करते.

अक्कांचं बरोबर आहे. करडईत लिनोलिक आम्ल भरपूर असतं आणि कातडी तो गारा बनवायला तेच वापरते. ऑलिव्हवर पैसे घालवू नका. शेफील्ड विद्यापीठाच्या २०१३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेलानं वरच्या थराची बांधणी ढिली झालेली दिसली, सूर्यफुलाच्या तेलानं ती शाबूत राहिली. खोबरेल वाईट नाही, फक्त दमट अंगावर लावा.

शुगर आहे म्हणून तळपाय रोज उजेडात बघायचे. टाच ब्लेडनं तासायची नाही. बोटांच्या बेचक्यात क्रीम-तेल नको, तिथं ओल राहून चिखल्या होतात. भेगेतून पू, सूज, वास आला तर घरी थांबू नका.

प्रतिसाद २

आमच्याकडं जांबोटी भागात मुठेल घरोघरी असतं. कोकमाच्या बिया फोडून, गर कुटून पाण्यात उकळायचा, वर आलेलं तेल काढून घ्यायचं आणि थिजत आलं की मुठीत दाबून गोळा करायचा. म्हणून ते मुठेल. लावताना पळीत वितळवून भेगेत गरम थेंब सोडायची पद्धत. माझ्या आज्जीच्या टाचा त्यानंच भरायच्या.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

मुठेल चांगलंच, पण गरम थेंब या आईंना नको! शुगरमुळं पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलेलं कळणारही नाही. गोळा हातावर घासा, अंगाच्या उबेनं मऊ होतो तेवढा पुरे.

मूळ प्रश्न विचारणारी

तीन आठवड्यांनी लिहितेय. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं, ट्यूब स्टेरॉइडचीच निघाली. नडग्या आता गुळगुळीत आहेत. आंघोळीनंतर युरियाचं क्रीम आणि त्यावर घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा हात, एवढंच करतोय. टाचांना रात्री मुठेल आणि सुती मोजे. मोज्यांना आई आधी तयारच नव्हती, आता स्वतः मागून घेते. ‘अक्का, तुमचं खरं निघालं’ हे त्यांना घरी जाऊन सांगून आले.

बोटं मात्र आहे तशीच. पानं भिजवायची, ओल्या फडक्यात बांधायची, एकेक काढून कातरायची, मग कोरडी तंबाखू. दिवसभर हात ओला-सुका, ओला-सुका. जेली लावली तर पान निसटतं आणि तंबाखू बोटांना चिकटते. रबरी हातमोजे घालून बघितले, विडीचं टोक मुडपताच येईना. काम सोड म्हणायची माझी हिंमत नाही, आठवड्याचा बाजार त्यावर आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी विड्या वळतात का? बोटाच्या टोकाला काय गुंडाळता, की ज्यानं पानही कळतं आणि चीरही झाकते?