मदत हवी आहे: खाऱ्या हवेत घडीचा चाकू, डी-२ की १४सी२८एन?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. गुहागरच्या बाजूला राहतो. कायम खिशात किंवा होडीतल्या डब्यात राहील असा एक घडीचा चाकू घ्यायचा आहे. कामं साधी: सुंभ, नायलॉनची दोरी, गरीचा दोर, कैरी, मे महिन्यात फणस. मासे साफ करायची सुरी वेगळी आहे, ते यात धरू नका.

पातं साडेसात-आठ सेंमी, उघडल्यावर पक्कं लॉक होणारं, ओल्या हातातून न निसटणारी मूठ. एका हाताने उघडायला हवा, कारण दुसऱ्या हातात बहुतेक वेळा दोर असतो. बजेट पाच-सहा हजार.

एक नवीन चिनी मॉडेल या किमतीत येतंय, दोन स्टीलमध्ये: डी-२ आणि १४सी२८एन. डी-२ जरा स्वस्त. व्हिडिओवाले सगळे त्याची धार किती टिकते तेच सांगतात, पण ती मंडळी कोरड्या हवेतली. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कातडी पट्ट्याला बुरशी धरते. मॅग्नाकट नावाच्या महागड्या स्टीलचंही फार कौतुक ऐकतोय. त्यासाठी बजेट तिप्पट करावं का? जाणकारांनी सांगावं.

घाटवाट

डी-२ घ्या डोळे मिटून. माझा तोच आहे, ट्रेकला नेतो, आल्यावर पुसून तेल लावतो. काही होत नाही.

साहाण

घाटवाट, तुम्ही आल्यावर पुसता म्हणून होत नाही. हे होडीत ठेवणार आहेत.

डी-२ हे मुळात साचे आणि पंच बनवायचं टूल स्टील. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम बारा. साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की स्टेनलेस म्हणतात, त्या हिशेबाने हे त्यात बसायला हवं. बसत नाही, कारण इतका कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढतो आणि दोघांचे कठीण कण, म्हणजे कार्बाइड, तयार होतात. गंज अडवणारा थर धरायला सुटं क्रोमियम लागतं, ते कमी उरतं. हेच कण धार टिकवतात हे खरं, पण ते मोठे असतात. धार फार बारीक काढली तर तिथूनच टवके उडतात.

१४सी२८एन सँडविकचं, त्या कंपनीचा हा विभाग आता अलेइमा नावाने चालतो. कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४, वर ०.११ टक्के नायट्रोजन. दाढीच्या ब्लेडचं जे स्टील असतं त्याच घराण्यातलं, त्यामुळे कण बारीक. सुंभ कापून कापून धार डी-२च्या आधी उतरेल, पण घरच्या दगडावर चार हात मारले की परत येते. तुमच्या कामाला मी हेच घेईन.

मॅग्नाकटचं कौतुक रास्त आहे. लॅरिन थॉमस या धातुतज्ज्ञाने ते तयार केलं, २०२१ मध्ये बाजारात आलं. गंमत अशी की त्यात क्रोमियम फक्त १०.७ टक्के, म्हणजे डी-२हूनही कमी, आणि तरी गंजाच्या बाबतीत डी-२ त्याच्या जवळपासही नाही. कार्बनला व्हॅनेडियम आणि नायोबियमने गुंतवलंय, क्रोमियम मोकळं राहिलंय. मला तर हे चाकूपेक्षा वाचायलाच जास्त आवडतं. पण ते व्हॅनेडियमचे कण आपल्या नेहमीच्या दगडाला दाद देत नाहीत, हिऱ्याची पट्टी वेगळी घ्यावी लागते. कैरी कापायला एवढा खटाटोप कशाला?

आणि स्टीलच्या नावावर फार जाऊ नका. उष्णता-प्रक्रिया नीट नसेल तर भारी स्टीलही वाया. व्हिक्टोरिनॉक्सच्या स्विस चाकूचं पातं कठीणपणात जेमतेम ५६ रॉकवेल, कागदावर कोणीही नाक मुरडेल. पण पातळ आहे, म्हणून सफरचंदातून सरळ जातं. धारेमागे जाड असलेलं पातं फळ कापत नाही, फोडतं.

लेस्टरकर

तुमच्या अपेक्षांची यादी इंग्लंडात जमणार नाही. इथे सबळ कारणाशिवाय खिशात फक्त घडीचा, लॉक नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचा चाकू चालतो. मी म्हणून बिनलॉकचा वापरतो. दोरीला पुरतो, पण पात्याच्या पाठीवर जोर देताना बोटं सांभाळावी लागतात.

खाडीकाठचा

साहाण, मनापासून आभार, एवढं कोणी समजावलं नव्हतं. आपल्याकडे कायद्याचं काय?

ओपिनेल क्र. ८, तो लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू, कोणी वापरलाय का? पातळ पातं आणि किंमत दोन्ही आवडलंय.

जांभा

२०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती आणि शेतीकामाचे वगळून. तुमचा त्याच्या कितीतरी आत आहे. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तेव्हा चाकू बाळगणंही त्यात येऊ शकतं, सणासुदीला आणि निवडणुकीत बाजारात जाताना घरी ठेवा. बटण दाबून उघडणाऱ्याच्या वाटेला जाऊच नका. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही.

ओपिनेल सुंदर, पण बीच लाकडाची मूठ ओलीने फुगते आणि पातं आत अडकून बसतं. नखाने ओढून उघडायचा असल्याने एका हाताचं काम नाही. तरीही घ्यायचाच तर स्टेनलेस पात्याचा घ्या, कार्बनवाला कैरीने तासाभरात काळा पडतो.

सगळे पात्यावरच बोलताहेत, पण गंज बहुतेक वेळा आधी दिसतो तो मुठीच्या आतल्या लायनरला, म्हणजे आधाराच्या पातळ पत्र्यांना, आणि स्क्रूंना, कारण ते पात्याहून हलक्या स्टीलचे असतात आणि तिथे कोणी पुसायला जात नाही. लायनर नसलेली, फायबरभरल्या नायलॉनची मूठ मिळाली तर उत्तम. मुठीची पाठ उघडी हवी, म्हणजे नळाखाली धरून वाळू निघते. बिजागरीत बॉल बेअरिंग नकोत, वाळूने करकरतात. ब्राँझचे वॉशर बरे.

साहाण

जांभा, लायनरचं माझ्या लिहिण्यातून सुटलंच होतं. लाख मोलाचं. आणि होडीतून चाकू घरी यायचाच नसेल तर एलसी२००एन हे खाऱ्या पाण्यातही सहसा न गंजणारं स्टील शोधा. स्पायडर्को कंपनीच्या ‘सॉल्ट’ मालिकेतल्या चाकूंत असतं. बजेट मात्र मोडेल.

खाडीकाठचा

१४सी२८एन नक्की केलं. विक्रेत्याला विचारलं, आत बॉल बेअरिंग आहेत आणि लायनर स्टीलचेच. मग त्याच स्टीलमध्ये वॉशरवाला दुसरा कुठला आहे का, साडेसहा हजारांपर्यंत? थोडा जाड असला तरी चालेल, धार मी स्वतः पातळ करून घेईन.

घाटवाट

फणसाचा चीक बिजागरीत गेला की कुठलाही चाकू उघडत नाही, हे लक्षात ठेवा. आधी पात्याला आणि बिजागरीला खोबरेल लावा. मॉडेलचं नाव व्यक्तिगत निरोपात पाठवतो.