माळढोकाच्या कांड्या भरून ठेवता आल्या असत्या का?

नान्नजरोड_४५: रविवारी पोराला घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्यात गेलो होतो. काळवीट भरपूर दिसले, माळढोक नाही. मी पाचवीत असताना वडिलांनी सायकलवरून नेऊन नर दाखवला होता, गळ्याची पिशवी पार छातीखाली लोंबलेली. अजून डोळ्यासमोर आहे. पोरगं म्हणालं, "बाबा, गाई भरवायला वळूच्या वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवतात, तशा याच्या ठेवायच्या की!" मला काय उत्तर देता आलं नाही. पशुसंवर्धनातलं कुणी आहे का इथं?

कंटेनरवाले_आप्पा: आहे की. 31 वर्षं गाई भरवल्या, आता निवृत्त. पोरगं हुशार आहे तुमचं.

पाव मिलीची कांडी, उणे 196 अंशाचा नायट्रोजन. 37 अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली की शुक्रजंतू पुन्हा हलतात. वळू मरून दहा वर्षं झाली तरी त्याचं वासरू होतं. अमेरिकेत काळ्या पायाचं फेरेट म्हणून मुंगसाएवढं जनावर आहे. आजची जवळजवळ सगळी पैदास 7 जनावरांपासूनची, म्हणजे घरातल्या घरात सोयरीक. तिथं 20 वर्षांपर्यंत गोठवलेलं वीर्य वापरून पिल्लं घेतली आणि मेलेल्या नरांचं रक्त कळपात परत आलं.

पक्ष्यांत मात्र घोडं अडतं. गंमत बघा, ग्लिसरीन घालून वीर्य गोठवायची युक्ती 1949 साली इंग्लंडमध्ये सापडली ती कोंबड्याच्या वीर्यावर. पण तेच ग्लिसरीन कोंबडीच्या पोटात गेलं तर अंडं फळायला आडवं येतं, आधी काढून टाकावं लागतं. अंडं तर एवढ्या बलकासकट गोठवताच येत नाही. आणि पक्ष्यांत मादीपण ठरवणारं गुणसूत्र मादीकडंच असतं, नराच्या कांडीत ते येत नाही. म्हणून हल्ली गर्भातल्या मूळ बीजपेशी काढून गोठवायच्या मागं लोक आहेत.

खिल्लार_मंगळवेढा: आप्पा, राग मानू नका. कांडीनंच वाटोळं केलं. आमच्या गावात एकाच वळूच्या कांड्या घरोघर. आता कालवड दाखवायला नेली की समोरचा विचारतो, बाप कोण? बाप तोच!

कंटेनरवाले_आप्पा: राग कसला, खरं आहे. मीही तेच केलं. लोक नाव सांगून त्याच वळूची कांडी मागायचे, मी द्यायचो. नायट्रोजनच्या टाकीत वीस वळूंच्या कांड्या असल्या आणि हात एकाच गॉब्लेटमध्ये, म्हणजे कांड्यांच्या पेल्यात, गेला, तर बाकीचे एकोणीस असून नसल्यासारखे. फेरेटवाले वंशावळीची वही बघून जोडी लावतात, आम्ही दुधाचा आकडा बघून.

दुसरं, टाकी राखावी लागते. एका जनावरांच्या दवाखान्यात सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या सुट्टीत नायट्रोजन आलाच नाही. परत येऊन टाकीत नायट्रोजन मोजायची पट्टी घातली, बाहेर काढली, तर पांढरं दव धरेना. कोरडी ठाक. झाकण उघडल्यावर वाफही नाही. त्यात एका खिल्लार वळूच्या शेवटच्या 14 कांड्या होत्या, वळू आधीच मेलेला. रजिस्टरवर "निकामी" लिहिताना हात थरथरला होता.

नान्नजरोड_४५: बाप रे. मग माळढोकाचं काहीच नाही का?

कंटेनरवाले_आप्पा: आहे. जैसलमेरला 2024 च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनाचं पहिलं पिल्लू निघालं. रामदेवऱ्याच्या नराचं वीर्य सुमारे 200 किलोमीटर लांबच्या केंद्रात नेऊन मादीला भरवलं होतं. नर जिवंत होता म्हणून जमलं. आपल्या माळावरच्या नरांचं कुणी काही घेऊन ठेवलं असतं तर… जाऊ द्या.

नान्नजरोड_४५: पोरगं विचारतंय, पट्टीवर दव कुठपर्यंत धरतं?

कंटेनरवाले_आप्पा: नायट्रोजन जिथपर्यंत आहे तिथपर्यंत. घेऊन या त्याला, माझ्याकडं जुनी पट्टी आहे.