पहिलं भारीतलं डाइव्ह वॉच: सबमरीनर, सीमास्टर की ब्लॅक बे ५८?

सव्वासहा_इंची
मंडळी सल्ला हवाय. पुढच्या महिन्यात चाळिशी गाठतोय, बोनस बरा पडलाय आणि गेली सहा वर्षं नुसतं यूट्यूबवर बघत आलोय ते ऑटोमॅटिक डाइव्ह वॉच आता घ्यायचंच ठरवलंय. लिस्ट तीनवर आलीये, रोलेक्स सबमरीनर (नो डेट, ४१ एमएमवालं), ओमेगा सीमास्टर डायव्हर ३००एम आणि ट्यूडर ब्लॅक बे ५८. मनगट सव्वासहा इंच, म्हणजे काडीच. आयटीत आहे, दिवसभर लॅपटॉप, आणि शनिवार-रविवार घड्याळ ड्रॉवरमध्ये कारण पोरगी दीड वर्षाची आहे आणि चमकणारं काहीही दिसलं की तोंडात. पाण्याचं म्हणाल तर वर्षातून एकदा तारकर्ली. ताणलं तर सबमरीनरपर्यंत जाईन, पण ताणायचं का? बाबा रोज सकाळी त्यांच्या एचएमटी जनताला चावी देता देता माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत, ते जास्त त्रासदायक आहे.

पेठेतला_लंबक
डायल किती एमएम ते सोडा हो, लग टू लग मोजा, म्हणजे पट्टा अडकतो त्या वरच्या शिंगांपासून खालच्या शिंगांपर्यंत. सीमास्टर ४२ चं ते जवळपास ५० जातं आणि जाडीही साडेतेराच्या पुढे, तुमच्या मनगटावर ते वाटीसारखं बसेल. ५८ हे ३९ एमएमचं, जाडी ११.९, शर्टाच्या कफखाली गुपचूप जातं. सबमरीनर आकड्यात मोठं वाटतं पण बसतं चापून, आणि त्याचा ग्लाइडलॉक क्लास्प, म्हणजे पट्ट्याची कडी, निव्वळ सुख, २-२ एमएमने सैल करता येतो, मे महिन्यात दुपारी मनगट फुगतं तेव्हा कळतं.

आणि तुम्ही शनिवार-रविवार काढून ठेवता हे महत्त्वाचं आहे. सीमास्टरचा पॉवर रिझर्व्ह, म्हणजे हातातून काढल्यावर किती वेळ चालतं ते, ५५ तास. शुक्रवारी संध्याकाळी ७ ला काढलंत तर सोमवारी पहाटे २ ला बंद, म्हणजे दर सोमवारी ऑफिसच्या घाईत टाइम आणि तारीख लावत बसा. सबमरीनर आणि ५८ दोन्ही ७० तासवाली, सोमवारी सकाळी चालू सापडतील. सीमास्टरची बाजू घ्यायची तर एकच, १५,००० गॉसपर्यंत चुंबकाचं टेन्शन नाही. लॅपटॉप, टॅबलेटच्या कव्हरमधले मॅग्नेट, स्पीकर, सगळं टेबलावर असतं तुमच्या. पण साधं घड्याळ मॅग्नेटाइज झालंच तर कारागीर दोन मिनिटांत उतरवून देतो, त्यासाठी वाटी नका बांधू.

खोलपाणी
भावा मी मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, डायव्हिंग सपोर्ट जहाजावर डायव्हर लोकांचं प्रेशर चेंबर सांभाळतो, तेव्हा १० वाजताच्या जागी ते सीमास्टरचं हेलियम व्हॉल्व्हचं बोंडूक आहे ना त्याबद्दल सांगतो. सॅच्युरेशनवाली पोरं प्रेशरखाली दिवसेंदिवस चेंबरमध्ये राहतात, श्वासात हेलियम, तो इतका बारीक की सीलमधून घड्याळात शिरतो, आणि वर येताना प्रेशर उतरवायला लागलं की आत अडकलेला गॅस काच उडवू शकतो. म्हणून तो व्हॉल्व्ह. १९६७ च्या सी-ड्वेलरपासूनची भानगड आहे ही. तुला तारकर्लीत उपयोग शून्य. हौशी डायव्हिंगची मर्यादाच ४० मीटर, तिन्ही घड्याळं २०० किंवा त्याच्या वर, मग मीटर बघून कशाला ठरवतोस?

बेझल, म्हणजे काचेभोवतीची मिनिटांची रिंग, मात्र तिघांचं फिरवून बघ, डोळे मिटून. एकाच दिशेला फिरतं कारण पाण्यात धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी नाही, म्हणजे माणूस लवकर वर येतो. आता सगळे डाइव्ह कॉम्प्युटर लावतात ते वेगळं, आमच्याकडे बेझलवर वेळ लावून अंडी उकडतात.

कोकणमेवा
मीटरपेक्षा चावी घट्ट आहे का ते बघा!! माझं एक होतं (ब्रँड सोडा), गेल्या दिवाळीत दिवेआगरला सकाळी टाइम लावला आणि चावी आत दाबली पण पिळली नाही, तसाच पाण्यात. जेवायला बसलो तर काचेच्या आतून धुकं, आणि सहाच्या आकड्यापाशी मोहरीएवढा थेंब, हात हलवला की तोही हलतोय. कारागिराने उघडून दाखवलं, सेकंद काट्याच्या बुडाशी तांबूस डाग. म्हणाले मडक्याला झाकण नाही लावलंत, आता मडक्याला काय बोलता. स्क्रू डाउन म्हणजे स्क्रू करायचं असतं राव. आणि सील दर वर्षी चेक करा, गरम पाण्याच्या अंघोळीत घालू नका.

माझं मत ५८. रोलेक्सचंच भावंड, किंमत निम्म्याच्याही खाली, आणि सबमरीनर शोरूममध्ये गेलं आणि घेऊन आलं असं सहसा होत नाही, नाव लिहून वाट बघत बसावं लागतं, तोवर तुमची बेचाळिशी येईल.

सव्वासहा_इंची
आज तिन्ही लावून आलो. सीमास्टर खरंच वाटी, लाटांची डायल जीव घेते पण नाही. सबमरीनर डिस्प्लेतलंच, विकायला नाही म्हणाले. ५८ घातलं आणि काढावंसं वाटेना, टोकन देऊन आलो. घरी बाबांना फोटो दाखवला, सांगितलं याला चावी द्यावी लागत नाही, हात हलला की आपोआप भरतं. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाले, "मग सकाळी उठून करायचं काय?"