शेवाळ, शैवल, हरिता : नेमकं कशाला काय म्हणायचं?

प्रश्न : विहिरीच्या पायऱ्यांवर धरतं ते शेवाळ, पावसाळ्यात कौलांवर येते ती हिरवी मखमलही शेवाळ, आणि तळं झाकणाऱ्या जलपर्णीलाही लोक शेवाळच म्हणतात. मग 'शैवल' म्हणजे वेगळं काय?

उत्तर १ : बोलीतलं 'शेवाळ' दिसण्यावरून ठरतं, शास्त्रातलं 'शैवल' रचनेवरून. शैवलाला मूळ, खोड, पान नसतं. कौलावरच्या मखमलीत भिंगातून इवली पानं दिसतात. ती हरिता, म्हणजे मॉस. जलपर्णीला तर फुलं येतात, तिला शेवाळ म्हणणं चूकच. संस्कृतात शैवल आणि शैवाल दोन्ही चालतात; अमरकोशात 'जलनीली' असंही सुंदर नाव आहे.

उत्तर २ : तळ्यातलं शेवाळ चिमटीत धरून बघा. रेशमासारखं बुळबुळीत, बिनफांद्यांचं असेल तर बहुधा स्पायरोगायरा. पेशीभोवती श्लेष्माचा थर असल्यानं ते बोटांतून निसटतं. खरखरीत आणि फांद्या फुटलेलं असेल तर क्लॅडोफोरा. त्याला असा थर नसतो, म्हणून डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवले, त्याच्यावर ठाण मांडतात आणि गोगलगायी ते खरवडून खातात. आणि 'हिरवी शैवले' हे कुळाचं नाव, रंगाचं नव्हे : झाडांच्या खोडांवर नारिंगी थर धरणारं ट्रेंटेपोलिया याच कुळातलं.

उत्तर ३ : 'नीलहरित शैवल' हा शब्द मात्र फसवा. ते जिवाणू आहेत, काही विषारीही. ते ओळखायला हातमोजे घालून काचेची बरणी तळ्याच्या पाण्यानं पाऊण भरा, झाकण सैल लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. हिरवा थर वर तरंगला तर नीलहरितचा संशय घ्या, कारण त्यांच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात. हिरवी शैवले बहुधा तळाशी बसतात. बरणी हलली तर काहीच कळत नाही.

प्रश्न : आणि 'शेवाळ मारणे'?

उत्तर २ : मासे असतील तर 'शेवाळ काढणे' म्हणा, आणि तसंच करा. मोरचूद टाकून सगळं एकदम मारलं की ते कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. जिवंत शेवाळही दिवसा ऑक्सिजन देतं, पण रात्री घेतं. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. दाताळ्यानं एका वेळी तिसरा हिस्सा ओढा आणि काठापासून दूर टाका, नाहीतर पावसात त्यातलं नत्र-स्फुरद परत तळ्यात जातं.

उत्तर १ : लिहिताना काना सांभाळा. 'शेवळं' ही सुरणाच्या कुळातली रानभाजी. काकडं (आंबट रानफळं) घालून शिजवली नाही तर घसा खाजतो.